मुलांचा मधुमेह आणि आपले स्वयंपाकघर

मधुमेह हा शब्द आपल्या समाजाला नवीन नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत किती त्रास दिला हे आपण सर्वजण वाचून-ऐकून आहोत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांचे पथ्यपाणी त्याच पाहत. त्यामुळे मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी ओलांडलेला माणूस उभा राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला मधुमेह होतो असे कुणी आम्हाला सांगितले असते तर आम्ही त्यावर विश्वास ठेवला नसता. पाच वर्षांपूर्वी तो आमच्याच घरात आला. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह धरला तेव्हा आम्ही उभयतांनी ठरविले की, जे पाच वर्षांत शिकलो तेच धम्मबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे. आम्ही डॉक्टर नाही. म्हणून पुढील मजकूर वाचून कुणीही आपल्या मुलाचे इन्सुलिन वा आहार परस्पर बदलू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

सुरुवात अशी झाली. उन्हाळ्याचे दिवस होते. मुलगी सारखे पाणी पिऊ लागली. नागपूरच्या उन्हात कोण पाणी पीत नाही? रात्री ती दोन-तीनदा लघवीला उठू लागली, एकदा अंथरूणही ओले झाले. खाणे भरपूर, पण फ्रॉक सैल होत चालला. अशक्तपणा वाटतो म्हणून आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. तिथे रक्त न तपासताच सांगण्यात आले की ऊन लागले आहे, ग्लुकोजची पावडर पाण्यातून पाजा. आम्ही दोन दिवस इमानेइतबारे पाजली. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, श्वास खोल आणि जोरात चालू झाला व तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर ५०० च्या वर होती. पाच दिवस ती तिथे होती, त्यांतले पहिले दोन दिवस आम्ही आठवू इच्छित नाही. बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन अर्ध्या मिनिटात साखर कळते. तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही तीन लक्षणे मुलात एकत्र दिसली तर त्याच दिवशी तो एक थेंब तपासून घ्यावा. या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल.

आता हा आजार काय आहे ते पाहू. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील विशिष्ट पेशी इन्सुलिन तयार करतात. आपण खाल्लेली भाकर, भात, साखर यांचे पोटात ग्लुकोज होते आणि ते रक्तात मिसळते. रक्तातले हे ग्लुकोज पेशींच्या आत जाण्यासाठी इन्सुलिन लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच चुकून या पेशींना शत्रू समजते आणि त्यांचा नाश करते. इन्सुलिन बनणे जवळजवळ थांबते. मग रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी, अशी अवस्था येते. पेशी चरबी जाळू लागतात, त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात, आणि इन्सुलिन मिळाले नाही तर ती माणसाचा जीव घेतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते पण अपुरे पडते. तेथे वजन, व्यायाम, गोळ्या यांना वाव आहे. पहिल्या प्रकारात इन्सुलिन बाहेरून देण्याला पर्याय नाही. मुलाने जास्त गोड खाल्ले म्हणून हा आजार होत नाही, आणि तो आईबापाच्या कुठल्या चुकीमुळेही होत नाही. आमच्या घरी भेटायला आलेल्या दहांपैकी आठ जणांनी ‘फार चॉकलेट खात होती का?’ असे विचारले, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

इन्सुलिनपूर्वीचा काळ कसा होता हे विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. तेव्हा आहार हाच एक इलाज होता, आणि तो भयंकर होता. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण अन्न दिले की साखर वाढे. त्यामुळे मुले काही महिने, फार तर एक-दोन वर्षे अधिक जगत, हाडांचे सापळे होऊन. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते नीट लागू पडले नाही. औषध अधिक शुद्ध करून १२ दिवसांनी पुन्हा दिले आणि तो मुलगा सावरला. पुढे तो आणखी १३ वर्षे जगला. संशोधकांनी आपल्या पेटंटचा हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठास देऊन टाकला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी बालदिनही असतो.

इन्सुलिन आहे तर मग खाण्याचा एवढा विचार कशासाठी, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर हिशेबात आहे. इंजेक्शनचे इन्सुलिन किती द्यायचे हे जेवणात पिष्टमय पदार्थ, म्हणजे कर्बोदके, किती ग्रॅम आहेत त्यावर ठरते. समजा एखाद्या मुलाला १५ ग्रॅम कर्बोदकांमागे १ युनिट लागते आणि १ युनिटने त्याची साखर सुमारे ८० ने उतरते. (हे आकडे प्रत्येक मुलाचे वेगळे असतात आणि ते डॉक्टरच ठरवितात.) ताटात भात-पोळी मिळून ६० ग्रॅम कर्बोदके आहेत असा आपण अंदाज केला. डोळ्यांनी केलेल्या अंदाजात पाच भागांत एका भागाची चूक सहज होते. म्हणजे १२ ग्रॅम चुकले. इन्सुलिन ०.८ युनिटने चुकले आणि साखर ६४ ने वर किंवा खाली गेली. तेच ताटात ३० ग्रॅम असतील तर चूक ६ ग्रॅमची, आणि साखरेचा फरक ३२ चा. म्हणजे चूक करण्याची आपली सवय तीच राहिली तरी तिचा फटका निम्मा झाला. बँकेत रोकड मोजणाऱ्या माणसाला हे लवकर पटते. लहान रकमेत फरक पडला तरी तो लहानच पडतो.

अमेरिकेतील डॉ. रिचर्ड बर्नस्टाइन यांनी हा विचार टोकाला नेला. त्यांना स्वतःला १९४६ साली, वयाच्या १२ व्या वर्षी हाच आजार झाला होता. ते पेशाने इंजिनियर होते. पुढे वयाची चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. दिवसाला अवघी ३० ग्रॅम कर्बोदके असा त्यांचा आहार होता. २०१८ साली अशा आहारावर असलेल्या ३१६ मुलांची व प्रौढांची पाहणी अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांची साखर जवळजवळ निरोगी माणसासारखी होती. परंतु ती माणसे स्वतःहून हा मार्ग निवडलेली आणि अतिशय काटेकोर होती, सर्वसामान्य रुग्णांमधून निवडलेली नव्हती. त्याच साली दुसऱ्या काही डॉक्टरांनी, अति कडक आहारामुळे मुलांची वाढ मंदावल्याची व इतर त्रास झाल्याची उदाहरणे मांडली. बालमधुमेहाच्या तज्ज्ञांची जागतिक संघटना वाढत्या मुलांसाठी असा टोकाचा आहार सुचवीत नाही. मुलांच्या आहारातील निम्म्याहून थोडी कमी शक्ती कर्बोदकांतून यावी असे तिचे म्हणणे आहे.

आम्ही हे सर्व आधी वाचले नव्हते. कुणीतरी दिलेली एक छापील पुस्तिका हाती आली आणि आमच्या अंगात उत्साह संचारला. एका रात्री भाकर पूर्ण बंद केली. अंड्याची भुर्जी, पालेभाजी आणि ताक एवढेच जेवण दिले. इन्सुलिन मात्र रोजचेच टोचले. रात्री दोनच्या सुमारास तिच्या पुटपुटण्याने जाग आली. अंग घामाने थबथबलेले, डोळे उघडे पण ओळख नाही. साखर ४२. ७० च्या खाली गेली की धोका सुरू होतो. गिळता येत होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने पाजली. १५ मिनिटांनी ६८, पुन्हा थोडी दिली, मग ९५. सकाळपर्यंत आम्ही दोघे तिच्या उशाशी बसून होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आमची चांगलीच हजेरी घेतली. कर्बोदके कमी करायची तर इन्सुलिनही त्यांच्या सल्ल्याने आणि टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते, हे साधे गणित आम्ही विसरलो होतो. आणि गणितात आम्ही स्वतःला हुशार समजत होतो.

साखर उतरते तेव्हा कमी कर्बोदकांचा कुठलाही नियम लागू होत नाही. त्या वेळी साखर हेच औषध. तेही साखर किंवा ग्लुकोजच, चॉकलेट नव्हे, कारण चॉकलेटमधील चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन दिले असेल तर ते टोचावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

त्या रात्रीनंतर डॉक्टर व आहारतज्ज्ञ बाईंबरोबर बसून आम्ही मधला मार्ग ठरविला. आपल्याला हा शब्द कुणी शिकवायला नको. खडतर उपासाने देह झिजवून काही साधत नाही हे ओळखून सिद्धार्थ गौतमाने सुजाताची खीर स्वीकारली. आणि कोसल नरेश प्रसेनजिताची कथाही पाली ग्रंथांत आहे. राजा द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मापात जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार एका नाळीच्या मापावर आला. एकदम उपास नाही, हळूहळू माप. आमच्या घरी गाथेचे काम स्वयंपाकघरातला वजनकाटा करतो. दिवसाला अडीचशे ग्रॅमच्या वर असलेली कर्बोदके सहा महिन्यांत सुमारे १४० वर आली. दर तीन महिन्यांनी तिची उंची व वजन तक्त्यावर मांडले जाते. त्यात घट दिसली तर माप वाढवायचे असे डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे.

काटा आणल्यावर पहिला भ्रम फुटला तो भाकरीचा. भाकर ‘शुगर’ला चालते असे आपल्यात सर्रास म्हणतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात जवळपास ७० ग्रॅम कर्बोदके असतात. आमच्याकडे भाकर थापली जायची ती ८० ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत ५५ ग्रॅम. कणकेचे व बाजरीचे आकडे याच्या जवळपासच आहेत. तांदूळ ७८ च्या आसपास, पोहेही तितकेच. साबुदाणा ८७, आणि त्यात दुसरे काहीच नाही. शिजलेला भात १०० ग्रॅम घेतला, म्हणजे एक लहान वाटी, तर २८. भाकरीत तंतू अधिक असल्याने साखर भातापेक्षा सावकाश चढते एवढाच तिचा मोठेपणा. आता मुलीची भाकर ४० ग्रॅम पिठाची असते. पहिले काही दिवस आम्ही त्यात जवसाची पूड मिसळून पाहिली. जवसातली बहुतेक कर्बोदके तंतूच असतात, ती पचून साखर होत नाहीत. पण ज्वारीला चिकटपणा नसल्याने भाकर तव्यावर टाकतानाच तुटायची. पीठ उकड काढून मळले, तीन भाग ज्वारी व एक भाग जवस असे प्रमाण ठेवले, मग जमले. घरात सगळे तीच खातात. तिच्यासाठी वेगळे आणि आपल्यासाठी वेगळे असे ताट आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केले, कारण ती शेजारच्या ताटाकडे पाहायची आणि काही बोलायची नाही.

परदेशी पुस्तकांत बदामाचे पीठ, महागडे चीज, ऑलिव्हचे तेल यांची रेलचेल असते. बदामाच्या पिठाच्या पोळ्या करायच्या तर पगार पुरायचा नाही. परंतु आपल्या जुन्या स्वयंपाकात काय आहे ते पाहावे. फल्लीदाणे, तीळ, जवस, कारळ यांच्या चटण्या. अंबाडी, चिवळ, करडई, तरोटा, मुनग्याची पाने. सुकट, बोंबील, झिंगे. अंडी. वजडी, कलेजी, पाय. यांपैकी मांस-मासळीत कर्बोदके जवळजवळ नाहीतच, एका अंड्यात १ ग्रॅमसुद्धा नाही, आणि पालेभाज्यांत अगदी थोडी. अंबाडीत कण्या घालायची पद्धत आहे तेवढी सांभाळावी, आम्ही कण्यांऐवजी थोडी तूरडाळ घालतो. ज्या पदार्थांमुळे आपल्या आजा-पणज्यांना हिणवले गेले, जे शाळेच्या डब्यात नेताना आमची पिढी झाकण अर्धवट उघडून जेवली, तेच पदार्थ आज आहारतज्ज्ञ बाई आम्हाला कागदावर लिहून देतात! अर्थात जुन्या माणसांच्या आहाराचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. ते चिमूटभर सुकटीबरोबर दोन मोठ्या भाकरी खात आणि दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबत. आणि पुष्कळदा त्या दोन भाकरीही नसत.

सकाळच्या नाश्त्यात आमची खरी परीक्षा झाली. नागपूरकराला तर्री-पोह्याशिवाय रविवार कसा उजाडणार? एका प्लेटला ६० ग्रॅम पोहे धरले तरी ४६ ग्रॅम कर्बोदके. आम्ही ताट उलटे केले. वाटीभर हरभऱ्याची तर्री, तिच्यात एक उकडलेले अंडे, आणि वर मूठभर, म्हणजे १५ ग्रॅम, पोहे. इतर दिवशी भिजवलेल्या मुगाची धिरडी, ४० ग्रॅम मुगाची दोन होतात, त्यांत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि प्रथिने भरपूर. किंवा कांदा-कोथिंबीर घातलेले दोन अंड्यांचे आमलेट आणि कपभर बिनसाखरेचे दूध. दुधात साखर घातली नाही तरी कपाला ७ ग्रॅम मोजावेच लागतात, हे पुष्कळांना माहीत नसते. पिठले हे आमचे रात्रीचे हुकमी साधन. ३० ग्रॅम बेसनाचे पातळसर पिठले, १७ ग्रॅम. पण पिठले आणि भाकर एकत्र असली की दोन्ही मोजायची.

थंडीत फुलकोबी स्वस्त असते तेव्हा ती किसून, जिरे-मोहरीच्या फोडणीत पाच मिनिटे परतली की भातासारखी होते. १०० ग्रॅमला ५ ग्रॅम. वरण त्यावर छान लागते. आमच्या आईला मात्र हा प्रकार शेवटपर्यंत रुचला नाही. उन्हाळ्यात फुलकोबीचे भाव चढले की आम्ही पानकोबी किंवा दुधी किसून घेतो. पानकोबी जमते, दुधीचा भात जमत नाही, त्याचा लगदा होतो. फळांत नागपूरकराचे संत्रे, मध्यम आकाराचे एक, सुमारे १२ ग्रॅम. पेरू चांगला. केळे २५ पर्यंत जाते म्हणून अर्धेच. आंबा वर्ज्य नाही, फोडी मोजून आणि जेवणात धरून.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. मटण, अंडी, पनीर यांत कर्बोदके नाहीत म्हणून इन्सुलिन लागतच नाही असे नसते. जास्त प्रथिनांचा काही भाग शरीरात साखरेत बदलतो, पण तीन-चार तासांनी. तेल-चरबीमुळे तो आणखी लांबतो. रविवारी सावजीचा रस्सा झाला की झोपताना साखर १२० आणि पहाटे २४० असे व्हायचे, आणि आम्ही एकमेकांवर संशय घ्यायचो की हिला गोड कुणी दिले. आता हल्ली दंडाला लावायचा सेन्सर मिळतो, तो दर काही मिनिटांनी साखर दाखवतो. किंमत परवडत नाही म्हणून आम्ही तो वर्षातून दोन-तीनदाच लावतो, पण त्या पंधरा दिवसांत कोणता पदार्थ काय करतो हे चित्रासारखे दिसते.

बाजारातल्या ‘शुगर-फ्री’ बिस्किटांत मैदा असतोच. गूळ आणि मध ही साखरच. कारल्याचा रस, मेथीची पूड ही खायला हरकत नाही, पण त्यांनी स्वादुपिंडाच्या मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. आमच्याकडे एक गृहस्थ पुड्या घेऊन आले होते. ९० दिवसांत सुई सुटेल, पण आधी इंजेक्शन बंद करा, म्हणाले. आम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद केले की काही दिवसांतच, कधी एका-दोन दिवसांतही, मूल दगावू शकते. ताप आला, उलट्या झाल्या, मूल काही खात नाही, तरीही ते पूर्ण बंद करायचे नसते. अशा वेळी साखर व कीटोन तपासून डॉक्टरांना विचारायचे.

घरातले सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे आजी. नातीच्या ताटातली भाकर लहान झालेली पाहून तिने दोन दिवस अन्न गोड मानले नाही. “लेकराले उपाशी मारता काय रे तुमी? आमी उपाशी राहिलो तेवढं कमी झालं काय?” असे म्हणाली तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. जिने स्वतः लहानपणी पोटभर पाहिले नाही तिला नातीच्या ताटात भाकर मोजताना काय वाटत असेल! ती गुपचूप तिला पदराआडून बिस्किटे द्यायची. रागावून उपयोग नव्हता. आम्ही काटाच तिच्या स्वाधीन केला. “आई, आता तुम्हीच पीठ मोजा,” म्हटले. अक्षर-ओळख जेमतेम, पण ४० चा आकडा तिने ओळखून घेतला. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तोपर्यंत पीठ तिनेच मोजले. बिस्किटे बंद झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण मग ती येऊन सांगायची, “दोन दिले, लिहून घ्या.”

शाळेत मुलीच्या दप्तरात ग्लुकोजच्या गोळ्या, साखर तपासण्याचे यंत्र आणि एक चिठ्ठी असते. वर्गशिक्षिकेला आणि बाकावरच्या मैत्रिणीला घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणे सांगून ठेवली आहेत. केंद्रीय परीक्षा मंडळाने २०१७ साली दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाद्यपदार्थ बाळगण्याची मुभा दिली. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनीही वैद्यकीय दाखला जोडून अर्ज आधीच करून ठेवावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजारावर मार्गदर्शिका काढली आहे, डॉक्टरांशी बोलताना तिचा उल्लेख करता येतो.

आपल्या कार्यक्रमांविषयी दोन शब्द. जयंतीच्या मिरवणुकीत मुले तासन्‌तास नाचतात तेव्हा साखर झपाट्याने उतरते, आणि ती रात्री उशिराही उतरू शकते. त्या दिवशी आम्ही तिला नेहमीपेक्षा जास्त खायला देतो व डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इन्सुलिन कमी करतो. दीक्षाभूमीवर गर्दीत जाताना साखरेची पुडी तिच्याच खिशात असते, आमच्या नव्हे, कारण हात सुटू शकतो. वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याचे व्रत तिला करावेसे वाटले होते. डॉक्टरांनी नको म्हटले. विहारातल्या भंतेजींनी तिला सांगितले की, विनयात आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्यास भगवंतांनीच अनुमती दिली आहे. तिचे समाधान झाले.

राहिली वैशाखी पौर्णिमेची खीर. पहिल्या वर्षी आम्ही तिला विहारात नेलेच नाही, घरी ठेवले, आणि ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी घरून दुधी-नारळाची बिनसाखरेची खीर डब्यात नेली. रांगेत सगळ्यांच्या हातात द्रोण आणि हिच्या हातात स्टीलचा डबा. तेही चुकलेच. तिसऱ्या वर्षी खीर करणाऱ्या भगिनींना आदल्या दिवशी विचारून घेतले की एका पातेल्यात दूध किती, तांदूळ किती, साखर किती, द्रोण किती होतात. कागदावर भागाकार केला. एका द्रोणाला ३२ ग्रॅम आले. दुपारच्या जेवणातली भाकर वगळली, तिने डॉक्टरांच्या हिशेबाप्रमाणे इन्सुलिन स्वतःच्या हाताने टोचून घेतले, पंधरा मिनिटे थांबली आणि मग रांगेत उभी राहिली. दोन तासांनी साखर १६२ होती. गेल्या वर्षीपासून पातेल्याचा तो हिशेब खीर करणाऱ्या भगिनीच फळ्यावर खडूने लिहून ठेवतात. कारण आता रांगेत आमच्या मुलीखेरीज आणखी एक सात वर्षांचा मुलगा असतो, आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेले आजी-आजोबा तर पुष्कळ आहेत.